मदत हवी आहे: डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) वाढवली, तरी डुकरांचं वजन वाढेना

सिमरोलचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. इंदूरहून सिमरोलकडे जाताना आमचं शेत लागतं, तिथे 22 डुकरं पाळली आहेत. यॉर्कशायर जातीचे संकर, सध्या 35 ते 40 किलोचे. (आई शेजारी अजून "मुलगा शेती बघतो" एवढंच सांगते, तो विषय निराळा.)

गेल्या महिन्यापर्यंत क्विंटलभर खुराकात मका 50 किलो, सोया डीओसी 18, चोकर (गव्हाचा कोंडा) 30 आणि उरलेले 2 किलो मिनरल-मीठ असायचं. मका महागला म्हणून तो 30 वर आणला आणि चोकर 40 केला. चोकराने कस जाईल अशी धास्ती होतीच, त्यात खुराकवाला म्हणाला, "प्रोटीन चढवा, वजन आपोआप येईल." मग डीओसी केली 28.

झालं उलटंच. पिंजऱ्याच्या काट्यावर रोजची वाढ 500 ग्रॅमच्या आसपास असायची, ती 380 वर आली. सकाळी शेडचं फाटक उघडलं की डोळे चुरचुरतात. फरशी सारखी ओली, पाणी भरपूर पितात, आणि गव्हाणीच्या तळाला चोकराचा लगदा तसाच उरतो. जंताचं औषध दिलंय, ताप नाही. डीओसी आणखी वाढवू का?

जुना_महूकर

वाढवू नका, कमी करा. तुमच्या जुन्या खुराकात प्रथिनं साधारण 17 टक्के होती, ती आता साडेएकवीसच्या घरात गेली. ऊर्जा मात्र किलोला 2,900 किलोकॅलरीच्या आसपास उतरली, या वजनाला ती 3,300 लागते. जुना खुराकही ऊर्जेत थोडा कमीच होता, पण निभावत होता.

जनावराच्या अंगात प्रथिनं रोज बनतात आणि रोज मोडतात. बनतात त्यातून मोडतात ती वजा जाता जे उरतं, तेवढंच मांस काट्यावर दिसतं. बनवायला ऊर्जा लागते, आणि प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लाचा एकेक दुवा जोडायला ती चांगलीच खर्ची पडते. पुरेशी ऊर्जा नसली की डुक्कर डीओसीतली अमिनो आम्लंच इंधन म्हणून जाळतं. त्यांतला नायट्रोजन यकृतात युरिया होऊन लघवीवाटे जातो. म्हणून तहान, म्हणून ओली फरशी. शेणातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात, तोच तुमच्या डोळ्यांना झोंबतो.

हिशोब करून पाहा. दीड किलो खुराकात प्रथिनं 60 ग्रॅम जरी फुकट गेली, तरी 6.25 ने भागून (प्रथिनांत नायट्रोजन साधारण 16 टक्के धरतात) नायट्रोजन साडेनऊ ग्रॅम, म्हणजे युरिया जवळपास 20 ग्रॅम. बावीस डुकरांचा रोजचा साडेचारशे ग्रॅम! शेतात पोत्याने टाकता तोच युरिया तुम्ही डीओसीच्या भावाने शेडमध्ये ओतताय.

मी असतो तर मका 58, डीओसी 22, चोकर 15, सोयातेल 3, मिनरल-मीठ 2 ठेवलं असतं, आणि क्विंटलला 250 ग्रॅम लायसिन, हेही एक अमिनो आम्लच. मक्यात लायसिन फार थोडं असतं. ते अडलं की बाकीची अमिनो आम्लं असून कामाची नाहीत.

सिमरोलचा_शेतकरी

धन्यवाद काका. एवढं जर ऊर्जेवर अडतं, तर मका सरळ 75 केला तर?

जुना_महूकर

मग दुसऱ्या टोकाला पोचाल. प्रथिनं कमी पडली की वरची ऊर्जा चरबीत जाते. तुमची डुकरं अजून लहान आहेत, भूक आणि पोट दोन्ही बेताचं, त्यामुळे या वयात बहुतेक ऊर्जाच तोकडी पडते. 80 किलोच्या पुढे गणित बदलतं. मांस घालण्याची ताकद आपल्या मर्यादेला पोचते, आणि जास्तीचा मका पाठीवरच्या चरबीत दिसतो.

खात्री करायची असेल तर आधी चारच डुकरं वेगळी काढा. पंधरा दिवस नवा खुराक द्या, बाकीच्यांना सध्याचाच. काटा सांगेलच, पण त्याआधी नाक सांगेल.

बडोदेकर_गोठा

तेल महाग पडत असेल तर राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारी बारीक कोंड्याची भुकटी) बघा, पण तेल न काढलेली. ती ताजी घ्या, आठवड्यात संपवा. उन्हाळ्यात लवकर खवट होते आणि डुक्कर तोंड लावत नाही. माझं एक अख्खं पोतं असंच गेलंय.

सिमरोलचा_शेतकरी

पॉलिशचा भाव उद्या मंडीत विचारतो. चार डुकरांसाठी वेगळा कप्पा आजच केला, पाठीवर निळी खूणही मारली. शेवटचं एक: एका ओळखीच्या हॉटेलातून उरलेले पोहे-भात रोज फुकट मिळू शकतात. ऊर्जेसाठी चालतील?

जुना_महूकर

चालतील, पण ऊर्जा त्यात दिसते तेवढी नसते. वजनाचा मोठा भाग पाणीच असतं, पोट आधी भरतं. त्यात मीठही असतं, तेव्हा खुराकातलं मीठ कमी करा आणि प्यायचं पाणी कधी तुटू देऊ नका. आणि सगळं चांगलं उकळल्याशिवाय गव्हाणीत टाकायचं नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग अशा उरल्यासुरल्या अन्नातूनही पसरतो. 2022 मध्ये तो आपल्याच राज्यात रीव्यापर्यंत आला होता, त्यावर औषध नाही. चार डुकरांच्या चाचणीत मात्र हे पोहे अजिबात मिसळू नका, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळायचं नाही.