मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटनंतर फुफ्फुसात बुरशी, लॅब आणि गळतीवाला सुचवा

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या दिरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. आता फुफ्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी निघालीय, त्यावर व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू आहे. या औषधाने टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) रक्तातली पातळी फार चढते, म्हणून डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणलाय आणि लेव्हल वारंवार बघायला सांगितलीय. त्यासाठी रक्त सकाळच्या टॅक्रोलिमसच्या गोळीआधीच द्यावं लागतं. ठाण्यात घोडबंदर रोडला वेळेत घरी येऊन सॅम्पल नेणारी खात्रीची लॅब कुणाला माहीत आहे का?

दुसरं, त्यांच्या पलंगामागची भिंत पावसाने ओली होऊन काळे ठिपके आलेत. भिंत खरवडताना बुरशी घरभर उडते, म्हणून तोवर त्यांना ऐरोलीला नणंदेकडे ठेवणार आहोत. बाहेरून गळती बंद करणारा भरवशाचा माणूस सांगा. काढे मात्र कृपया सुचवू नका, त्यांनीही औषधांची पातळी हलू शकते.