मदत हवी आहे : नेक्रोटिक एन्टरायटिसचे व्रण उठतच नाहीत

ब्रॉयलर पिलांमध्ये नेक्रोटिक एन्टरायटिस (क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स जिवाणूमुळे होणारा आतड्याचा रोग) घडवून आतड्याच्या अस्तराचा अभ्यास करतेय. दोन तुकड्या झाल्या, पण २१व्या दिवशी शवविच्छेदनात जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या मधल्या भागात) फक्त लाली दिसते, व्रण नाहीत.

१४व्या दिवशी तोंडावाटे आयमेरिया मॅक्सिमा (आतड्याला इजा करणारा, कॉक्सिडिया गटातला परजीवी) दिला, १८ ते २० या दिवसांत रोज क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचं ताजं कल्चर, मिलिलिटरला साधारण १० कोटी जिवाणू. खाद्यात फिशमील वाढवलंय; कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सिडिया रोखणारं औषध), अँटिबायोटिक काही नाही. विष्ठेत ऊसिस्ट (परजीवीची अंड्यांसारखी अवस्था) भरपूर, म्हणजे कॉक्सिडिया तरी नीट लागलाय. दुसऱ्या तुकडीत क्लॉस्ट्रिडियमचा डोस दुप्पट केला, फरक शून्य.

क्लॉस्ट्रिडियमचा स्ट्रेन (वाण) जी प्रकारचा, म्हणजे व्रण पाडणाऱ्या नेटबी टॉक्सिनचा जीन असलेला आहे. नेटबी जीनसाठी पीसीआर (जीन आहे का ते दाखवणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला होता, पण तो गोठवलेल्या मूळ साठ्यावर. त्यानंतर मी सात-आठ वेळा सबकल्चर केलंय (जुन्या कल्चरमधून नवं वाढवलंय). हा जीन प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या, गळू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) असतो, म्हणून वाटेत गळाला असावा असा मला दाट संशय आहे.

परवानगी आता एकाच तुकडीची उरली आहे आणि पिलं उगाच मारायची नाहीत. स्ट्रेन बदलता येणार नाही. पिलांना देण्याआधी कल्चर नेटबी टॉक्सिन खरंच बनवतंय हे प्रयोगशाळेत कसं तपासता? नुसता पीसीआर पुरेसा, की कोंबडीच्या एलएमएच पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या पेशी) चाचणी करावीच लागेल?