शब्दचर्चा : ‘संदर्भ दिला’ म्हणजे नेमके काय केले?

विचारणा (परभणी) :
आमच्या विभागात पीएच.डी.च्या प्रबंधांवर मार्गदर्शकांचा ‘संदर्भ नाही’ असा शेरा वारंवार येतो. ज्या ग्रंथातून मजकूर घेतला त्याचे नाव प्रबंधाच्या शेवटी यादीत असते, तरीही हा शेरा मिळतो. शेवटच्या यादीला संदर्भ म्हणायचे नाही काय? दुसरी शंका अशी की ‘प्लॅजिअरिझम’ला कोणी वाङ्मयचौर्य म्हणतात, कोणी साहित्यचौर्य, तर कोणी उचलेगिरी. औपचारिक लेखनात यांपैकी कोणता शब्द वापरावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नांदेड) :
आपल्या पहिल्या शंकेचे मूळ ‘संदर्भ’ या शब्दाच्या अनेकार्थतेत आहे. संस्कृतात हा शब्द गुंफणे या अर्थाच्या ‘दृभ्’ धातूपासून आला असून त्याचा अर्थ गुंफण, रचना असा होतो. आजच्या मराठीत मात्र आपण त्याला एकाच वेळी तीन कामे सांगतो. ‘संदर्भ सोडून वाक्य घेतले’ असे म्हणताना आपल्याला मागचापुढचा संबंध अभिप्रेत असतो. ‘या विषयावर ग्रंथालयात भरपूर संदर्भ मिळाले’ असे म्हणताना पुस्तके, लेख, कागदपत्रे अभिप्रेत असतात. आणि ‘येथे संदर्भ द्या’ असे मार्गदर्शक म्हणतात, तेव्हा हे विधान कोणाचे, कोणत्या ग्रंथातले आणि कोणत्या पानावरचे हे त्याच जागी दाखवावे, अशी त्यांची अपेक्षा असते. विद्यार्थी दुसऱ्या अर्थाने ‘संदर्भ दिला’ म्हणतो, मार्गदर्शक तिसऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणतात, आणि दोघेही आपापल्या जागी मराठीच बोलत असतात.

यासाठी तिसऱ्या अर्थी ‘संदर्भनिर्देश’ हा शब्द मी आग्रहाने वापरतो आणि दुसऱ्या अर्थी इतिहासकारांप्रमाणे ‘साधन’ म्हणतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो, तेव्हा वहीत कोणी किती रक्कम घेतली हे नावासमोर लिहावे लागते. नुसती नावे लिहून रकमा मोकळ्या सोडल्या तर त्या वहीला कोणी हिशेब म्हणणार नाही. प्रबंधाच्या शेवटची यादी तशीच असते. साठ ग्रंथांची नावे वाचून तिसऱ्या प्रकरणातला अमुक परिच्छेद त्यांतल्या कोणाचा हे परीक्षकाला कळत नाही. याच कारणाने ‘संदर्भग्रंथसूची’ आणि ‘संदर्भसूची’ यांतही भेद करावा, असे मला वाटते. पहिलीत विषयासाठी वाचलेले सर्व ग्रंथ यावेत; दुसरीत ज्यांचा मजकुरात प्रत्यक्ष निर्देश झाला आहे तेवढेच.

आता दुसरी शंका. ‘उचलेगिरी’ हा शब्द जिवंत आणि ठसकेबाज असला, तरी औपचारिक लेखनात मी तो टाळतो. ‘उचल्या’ हे नाव आपल्याच भागातील एका समाजाला चिकटवले गेले होते, आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता; तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शब्दाची धग गेलेली नाही. विद्यापीठातील पगारदार माणसाच्या लबाडीला नाव देण्यासाठी तो शब्द कशाला हवा? ‘साहित्यचौर्य’ म्हटले की कथाकवितेपुरता विचार होतो. ‘वाङ्मयचौर्य’ त्यापेक्षा रूढ आणि व्यापक आहे, पण सर्वेक्षणाचे तक्ते, नकाशे, छायाचित्रे, प्रयोगाची आकडेवारी यांची चोरी त्यातही नीट मावत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतील व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे अशा आशयाची आहे. ‘कल्पना’ हा त्यातला शब्द महत्त्वाचा आहे.

या बाबतीत संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराची मदत होते. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘काव्यमीमांसे’त त्याने ‘हरण’, म्हणजे दुसऱ्याचे उचलून घेणे, या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले असून शब्दहरण आणि अर्थहरण असा भेद केला आहे. त्याचा रोख काव्याकडे होता, आणि चोर नसलेला कवी नाही असे म्हणण्याइतका तो मोकळाही होता; तरी शब्द जसेच्या तसे घेणे आणि शब्द बदलून विचार घेणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना या जोडीमुळे पटकन समजते. वाक्यातले ‘म्हणून’ काढून ‘यास्तव’ घातले, कर्तरीचे कर्मणी केले, की मजकूर आपला झाला असे समजणारे पुष्कळ आहेत. तेथे शब्दहरण टळते, अर्थहरण कायम राहते.

आक्षेप (छत्रपती संभाजीनगर) :
सर, विवेचन पटले, पण दोन गोष्टी खटकतात. आपल्या परंपरेत ओवी-अभंग सर्वांचे होते. तळटिपांची ही शिस्त बाहेरून आलेली आहे, मग ती न पाळणाऱ्याला एकदम चोर का म्हणावे? शिवाय आयोगच दुसऱ्यांच्या मजकुराशी 10% पर्यंत साम्य चालवून घेतो, असे सर्वजण सांगतात.

उत्तर (नांदेड) :
मॅडम, तळटीप बाहेरून आली हे मान्य. ऋण सांगण्याची रीत मात्र आपलीच आहे. व्यासांचा मागोवा घेत आणि ‘भाष्यकारातें वाट पुसतु’ आपण चाललो, हे ज्ञानदेव ग्रंथाच्या शेवटी स्वतः सांगतात. पैठणला नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत आपली ओवी मिसळणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, असे त्यांनी बजावले. हा प्रक्षेप, म्हणजे वाङ्मयचौर्याच्या नेमका उलटा दोष आहे. पण कोणते शब्द कोणाचे याची चाड दोन्हींच्या मुळाशी एकच आहे.

10% बद्दल बोलायचे तर तो ‘चालते’ हा शब्दच घातक आहे. विनियमांत 10% पर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40% असल्यास प्रबंध ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावा लागतो. 40 ते 60% असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. रीतसर निर्देश केलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मोजणीतून वगळायचे असतात. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे शब्दही वगळले जातात. म्हणजे सवलत योगायोगाला आहे. आणि संगणक जे मोजतो ते ‘साम्य’ असते. त्याच्या अहवालाला ‘साम्य-अहवाल’ म्हणावे, ‘चौर्य-अहवाल’ म्हणू नये. इंग्रजी लेख मराठीत उतरवून आपल्या नावावर छापला, तर ते यंत्र बहुधा गप्प बसेल, पण चौर्य पूर्ण झालेले असेल. आमच्या मराठी विभागांना खरी भीती या भाषांतरित हरणाचीच आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून जुन्या ग्रंथाचा निर्देश नको, असाही एक गैरसमज आहे. हक्क संपला की परवानगी लागत नाही; नाव मात्र सांगावेच लागते.

पुरवणी विचारणा (लातूर) :
निजामकाळातील उर्दू कागद मी स्वतः पाहिलेला नाही. एका मराठी ग्रंथाच्या तळटिपेत त्याचा उतारा आहे. संदर्भनिर्देश कागदाचा करावा की ग्रंथाचा?

उत्तर (नांदेड) :
जे पाहिले त्याचाच. मूळ कागदाचे नाव लिहून पुढे ‘अमुक ग्रंथात उद्धृत, पृ. अमुक’ असे लिहावे. ग्रंथाचे नाव गाळून थेट अभिलेखागाराचा क्रमांक लिहिणे म्हणजे न पाहिलेला कागद पाहिल्याचे सांगणे होय. त्या लेखकाने उर्दू वाचण्यात चूक केली असेल, तर ती चूकही आपल्या नावावर जमा होते. लगेच पुढच्या टिपेत तोच ग्रंथ आला तर ‘तत्रैव’ पुरे. मध्ये दुसरा ग्रंथ आला असेल तर ‘पूर्वोक्त’ लिहून लेखकाचे नाव आणि पृष्ठ द्यावे. ‘उद्धृत’मध्ये ‘द्’ला ‘ध’ जोडलेला आहे. ‘उधृत’ असे लिहू नये.