मदत हवी आहे: सासूबाईंना डेंग्यू, त्यात मधुमेह आणि किडनीचा त्रास

सासूबाईंची डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. जुना मधुमेह, किडनी कमजोर, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) असल्यामुळे रोज रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन. अशा रुग्णांत डेंग्यू गंभीर व्हायचा धोका जास्त, शिवाय त्यांना पूर्वी एकदा होऊन गेलाय. खरी धास्ती ताप उतरतानाची वाटते, कारण आजाराच्या साधारण ३ ते ७ व्या दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो.

डॉक्टरांशी बोलणं चालूच आहे. तरी ज्यांच्या घरी असा रुग्ण होता, त्यांनी कृपया सांगा: अ‍ॅस्पिरिनचा (थांबवायची की चालू ठेवायची) निर्णय फिजिशियननी घेतला की हृदयाच्या डॉक्टरांनी? किडनीमुळे पाणी मोजून द्यायचं, मग प्रमाण कसं ठरवलं? पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांवर आमची नजर आहे, पण ही लक्षणं दिसायची वाट न पाहता आधीच अ‍ॅडमिट केलं होतं का?