बिनव्याजी पतसंस्थेच्या ॲपमधले 'चार्जेस' म्हणजे नेमकं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. अब्बांचं चपलांचं दुकान आहे. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलंय. आपल्या देशात इस्लामिक बँक नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणून खातं एका बिनव्याजी पतसंस्थेत. पिग्मीवाला रोज दुकानात यायचा, पावती फाडून द्यायचा.

आता संस्थेने ॲप आणलंय. रमजानच्या सिझनला माल भरायला अम्मीच्या दोन बांगड्या ठेवून ४० हजार उचलले होते. परवा कर्जखातं उघडलं तर एकच ओळ, 'चार्जेस ६४०'. कशाचे, किती महिन्यांचे, काहीच नाही. अब्बांनी चष्मा पुसून मोबाईल पुन्हा हातात घेतला. "हे व्याज तर नाही ना रे?" मला काही सांगता आलं नाही.

सोन्याची तपासणी, सांभाळ, कागदपत्रं यांचा खरा खर्च सेवाशुल्क म्हणून घेतात, एवढं माहीत आहे. पण रक्कम आणि मुदत वाढली की शुल्कही त्याच हिशेबाने वाढतं का? तसं असेल तर ते व्याजासारखंच झालं, सगळं तिथंच अडलंय. शाखेत विचारलं तर म्हणे, "सिस्टीमच लावते."

मोठ्या भावाने दुबईत मुराबहावर गाडी घेतली, म्हणजे बँक आधी गाडी स्वतः घेते आणि नफा लावून आपल्याला विकते. बँकेला गाडी कितीला पडली आणि वर नफा किती लावला, दोन्ही आकडे त्याच्या कागदावर वेगवेगळे आहेत. मुराबहात ते सांगावंच लागतं. आमच्या ॲपमध्ये पिग्मीची नोंद दोन दिवस उशिरा येते, तेही अब्बा चालवून घेतात. पण हा खुलासा नसेल तर त्यांना झोप लागत नाही.

बीड, नांदेड, संभाजीनगरकडे कुणाच्या पतसंस्थेच्या ॲपमध्ये सेवाशुल्काचा तपशील दिसतो का? लेखी हिशेब मागायचा तर अर्ज शाखेत द्यावा की थेट सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात?

आणखी एक. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्यावर आपल्याकडे लोकांचे काय हाल झाले ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून रोजचा गल्ला साध्या बँकेच्या चालू खात्यात ठेवावा असं मनात आहे. त्यावर व्याज मिळत नाही, म्हणजे अब्बांचीही हरकत नाही, आणि दुकानातला क्यूआर त्यालाच जोडता येईल. छोट्या दुकानदाराला मिनिमम बॅलन्स झेपतो का? कुणी असं खातं चालवत असेल तर अनुभव सांगा.

सोमवारी अब्बांना घेऊन शाखेत जाणार आहे. त्याआधी कळलं तर फार बरं होईल.