समीक्षकाचे स्टार मोठे की तिकीटबारीवरची रांग?

पडद्याआड
मराठी चित्रपटापुरतं तरी समीक्षकाच्या मताला सामान्य प्रेक्षकाच्या पसंतीपेक्षा जास्त वजन असावं, असं मला ठामपणे वाटतं. कारण प्रेक्षकाला पसंती दाखवायला वेळच मिळत नाही. बिगरस्टार चित्रपट शुक्रवारी लागतो, मल्टिप्लेक्समध्ये त्याला एखाद-दुसरा शो, तोही बहुधा सकाळचा किंवा दुपारी तीनचा. 2015 साली राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइम ठरवला, पण तो अखेर दुपारी 12 ते रात्री 9 असा झाला, म्हणजे तीनचा शोही नियमात बसतो. नोकरी करणारा माणूस रविवारशिवाय जाणार कधी? आणि तोवरचा गल्ला पाहून पुढच्या आठवड्याचे शो कापले जातात.

अशा वेळी चित्रपट जिवंत ठेवायचं काम समीक्षक आणि महोत्सवांचे परीक्षकच करतात. 'कोर्ट' पाहा. नाव बघून तिकीट काढावं असा नट नाही, लांबलचक स्थिर चौकटी, वेग मुद्दाम संथ. सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार, मार्च 2015 मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ, आणि मग एप्रिलमध्ये चित्रपटगृह. हा क्रम उलटा असता तर तो किती जणांपर्यंत पोचला असता?

पिटातला_प्रेक्षक
अजिबात पटलं नाही. हाच निकष मागे लावला तर दादा कोंडके बाद होतात. ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येकी किमान 25 आठवडे, आणि त्याची गिनेसमध्ये नोंद. त्या काळच्या जाणकारांनी 'द्व्यर्थी' आणि 'अश्लील' या दोन शब्दांत विषय संपवला. वगनाट्यातला सोंगाड्या, त्याची हजरजबाबी बोली, प्रेक्षकाशी थेट बोलण्याची ढब, हे सगळं पडद्यावर कसं उतरलं याचा अभ्यास त्यांनी करायला हवा होता. गिरणगावातल्या आणि खेड्यातल्या माणसाला ते आपोआप कळलं, कारण तमाशाचं व्याकरण त्याच्या अंगात होतं.

'शोले'चंही तेच. सुरुवातीला जाणकारांनी नाकं मुरडली, फिल्मफेअरला एकच पुरस्कार, तो संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना. चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं चालला. ती पाच वर्षं प्रेक्षकांनी दिली.

पडद्याआड
दिली, पण मिनर्व्हाने थांबून वाट पाहिली म्हणून देता आली. आज थांबणं कुणालाच परवडत नाही. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्समध्ये संप होऊन जो करार झाला, त्यात निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून 30 असा उतरता ठेवला गेला. चौथ्या आठवड्यातलं तिकीट निर्मात्याला इतकं कमी देत असेल, तर तो जाहिरातीचा सगळा पैसा पहिल्या तीन दिवसांतच ओतणार. माउथ पब्लिसिटी हळूहळू चढते आणि ही रचना तिच्या मुळावरच उठते. त्यामुळे 'प्रेक्षकांची पसंती' म्हणून जे दिसतं त्यात जाहिरातीचा जोर बराच असतो.

आकडेमोड
दोघंही आकड्यांवर विश्वास टाकताय, म्हणून ते कसे बनतात ते लिहितो.

रॉटन टोमॅटोज हे समीक्षा गोळा करणारं संकेतस्थळ. त्याचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. प्रत्येक समीक्षा 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' अशा दोनच खणांत टाकतात आणि 60 टक्क्यांवर चित्रपट 'फ्रेश' ठरतो. दहा जणांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तर 100 टक्के. सात जणांनी डोक्यावर घेतला आणि तिघांना मुळीच आवडला नाही, तर 70. दुसरा चित्रपट कितीतरी जास्त जिवंत असू शकतो, आकड्यात तो मागे पडतो.

प्रेक्षकांच्या सरासरीत वेगळी खोट आहे. समजा 100 मतं आली: 60 जणांनी 10 दिले, 40 जणांनी 1. सरासरी 6.4. दुसऱ्या चित्रपटाला 60 जणांनी 6 आणि 40 जणांनी 7 दिले. त्याचीही 6.4. पहिल्यात दोन गटांची मारामारी आहे, दुसरा सगळ्यांना बेताचा वाटलाय. म्हणून आयएमडीबी या प्रेक्षकांचे गुण दाखवणाऱ्या संकेतस्थळावर नुसता आकडा पाहू नका, मतांची विभागणी उघडा. 10 आणि 1 वर दोन उंच खांब आणि मध्ये खड्डा असेल तर तिथे चित्रपटापेक्षा नट, जात, पक्ष किंवा भाषा यांवर मतदान झालेलं असण्याची शक्यता मोठी. आयएमडीबी साधी सरासरी न घेता भारित सरासरी, म्हणजे मतांना कमी-जास्त वजन देऊन काढलेली, दाखवते, पण तिचं नेमकं सूत्र जाहीर करत नाही.

अमेरिकेतली सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहातच प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. तिथे अडचण अशी की पहिल्या दिवशी येणारा आधीच उत्सुक असतो, त्यामुळे श्रेणी बहुधा वरची येते. मात्र जाहिरातीने एक सांगितलं आणि पडद्यावर दुसरंच निघालं, तर ती धाडकन कोसळते. 2017च्या 'मदर!'ला समीक्षकांचा कौल एकंदरीत अनुकूल होता, प्रेक्षकांनी थेट एफ, म्हणजे सगळ्यांत खालची श्रेणी, दिली. भयपट बघायला आलेल्यांना रूपककथा मिळाली होती.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो सोमवार. शो तेवढेच असताना सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्याच्या वर राहिला तर लोक एकमेकांना सांगताहेत असं समजावं. शो कापले असतील तर ही तुलना करू नये, एका शोमागची भरलेली आसनं पाहावीत.

उंबरठा_ओलांडून
'बाईपण भारी देवा'चा विषय इथे निघायलाच हवा. 30 जून 2023 ला लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. बायका गटागटाने, ठरवून नटूनथटून गेल्या, कामाच्या दिवशीही गेल्या. सासू, नणंद, भिशीतल्या मैत्रिणी अशी दहा-पंधरा तिकिटं एकदम निघत होती. यातल्या किती जणी कुठल्या संकेतस्थळावर गुण द्यायला गेल्या असतील? आणि पटकथा, छायाचित्रण, संकलन असे रकाने मांडणाऱ्या समीक्षेत, पन्नाशीच्या बाईला स्वतःचं रोजचं जगणं पडद्यावर दिसल्यावर काय झालं, याला रकाना कुठे असतो? या प्रेक्षकाला हिशेबात न धरता दिलेले स्टार मला अपुरे वाटतात.

पडद्याआड
हे मान्य. पण 'सैराट'चं काय? एप्रिल 2016 मध्ये राज्याने तो डोक्यावर घेतला. त्याच्या आधी त्याच दिग्दर्शकाच्या, नागराज मंजुळे यांच्या, 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार, 'फँड्री'ला राष्ट्रीय पुरस्कार, खुद्द 'सैराट' फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात, आणि रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख, हे सगळं प्रदर्शनापूर्वीच झालं होतं. मंजुळे यांना आधी परीक्षकांनी ओळखलं.

पिटातला_प्रेक्षक
पिस्तुल्याच्या पुरस्कारामुळे कुणी 'झिंगाट'वर चित्रपटगृहात नाचलं नाही. अजय-अतुलची गाणी आधीच गावोगाव वाजत होती. तिकीट गाण्यांनी खपवलं आणि शेवटच्या त्या सुन्न करणाऱ्या दृश्याने लोकांना बोलतं केलं.

आणि समीक्षकांना जर एवढं वजन द्यायचं, तर त्यांनी थोडं थांबावं. केरळ उच्च न्यायालयात 'रिव्ह्यू बॉम्बिंग'चं, म्हणजे चित्रपट लागताच मुद्दाम वाईट समीक्षांचा मारा करण्याचं प्रकरण गेलं, तेव्हा न्यायमित्राने (न्यायालयाने मदतीला नेमलेल्या वकिलाने) 2024 मध्ये सुचवलं की समाजमाध्यमांवरच्या समीक्षकांनी पहिले 48 तास गप्प राहावं. ते मला रास्त वाटतं.

आकडेमोड
त्याच वर्षी तमिळ निर्मात्यांनी समीक्षांवर तीन दिवसांची बंदी मागितली होती, मद्रास उच्च न्यायालयाने तशी तात्काळ बंदी घालायला नकार दिला. 48 तासांचा हिशेब मराठीला लावून बघा. शुक्रवारी सकाळी साडेनऊचा पहिला शो धरला, तर मुदत रविवारी सकाळी साडेनऊला संपते. शनिवार गेला, रविवारचं बुकिंग बरंचसं झालं, आणि सोमवारी शो कापले. मोठ्या स्टारच्या चित्रपटाला याने काही होत नाही, त्याचं बुकिंग समीक्षेआधीच झालेलं असतं. ज्या लहान चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नाही, त्याच्याबद्दल शनिवारी सकाळी कुणी चार चांगल्या ओळी लिहिल्या तरच रविवारी तीनच्या शोला माणसं येतात. त्याही ओळी तुम्ही थांबवणार असाल, तर सामान्य प्रेक्षकाला त्या चित्रपटाचं नावसुद्धा कळायचं नाही.