बोटीचं इनबोर्ड इंजिन वेगात तापतं, मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?

नमस्कार मंडळी. नाशिककर ट्रॅक्टरवाले इथे भरपूर आहेत, एखादा बोटवालाही निघेल या आशेवर लिहितोय.

इगतपुरीकडच्या एका धरणात आमचे मासळीचे पिंजरे आहेत. खाद्य न्यायला फायबरची बोट आहे, कोकणातून सेकंड हँड आणलेली. आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. इंजिनात कूलंट फिरतं, त्याची वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. तळाच्या कॉकमधून ओढलेलं धरणाचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून जाताना कूलंटची उष्णता घेतं आणि एक्झॉस्टबरोबर मागून बाहेर पडतं.

त्रास असा की पिंजऱ्यांपाशी हळू फिरताना काटा ८० वर गप्प बसतो. काठाकडे यायला रेस दिली, आरपीएम २००० च्या वर गेले की चढायला लागतो, ९५ पार करतो. रेस कमी केली की उतरतो. मागून पाणी पडतं, पण रेस वाढवली तरी धार वाढत नाही, उलट वाफ दिसायला लागते.

आतापर्यंत हे बघून झालंय: पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर नवा घातला (जुन्याची सगळी पाती शाबूत होती, म्हणजे तुकडा पुढे जाऊन अडकलेला नाही). स्ट्रेनरच्या जाळीत पाणवेलीची मुळं होती, काढली. कूलंट पातळीवर आहे, बेल्ट घट्ट आहे. काटा खोटं बोलतोय का म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप लावून इन्फ्रारेड गन धरली, कारण चकचकीत धातूवर ती गन काहीही आकडा दाखवते. काटा खरा आहे.

आमचा मिस्त्री निफाडचा, ट्रॅक्टरमध्ये बाप माणूस. त्याचं म्हणणं, "थर्मोस्टॅट थंड देशातल्या लोकांसाठी असतो, काढून फेका." निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कुठे जातो हे त्याला मी सांगायचं म्हणजे कठीणच! पण मला पटत नाही. काढू का? आणि नाही, तर आधी काय बघू? हेड उघडायला तो टपूनच बसलाय.

प्रतिसाद १

दादा, थर्मोस्टॅट काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, निम्मं कूलंट एक्स्चेंजरला न भेटताच परत इंजिनात फिरतं आणि ताप वाढतो. शंका असेल तर बाहेर काढून पातेल्यात उकळा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर तो निर्दोष. एक लक्षात ठेवा, नाशिक-इगतपुरीच्या उंचीवर साधं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणून प्रेशर कॅपही, म्हणजे कूलंट दाबाखाली ठेवून त्याची उकळी वर नेणारं झाकण, तपासा. कॅप दाब धरत नसेल तर ९५ म्हणजे उकळीच्या दारात.

तुमच्या पोस्टमधली खरी खूण धारेत आहे. रेस वाढते, धार वाढत नाही, म्हणजे पंपाला पाणी पुरत नाही. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) नंतर. ते गेलं असतं तर कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले असते.

बोट काठाला बांधा, तळाचा कॉक बंद करा, पंपाच्या तोंडाला दुसरा चांगला पाइप जोडून तो २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडा आणि रेस द्या. ड्रम बघता बघता रिकामा होईल, ओतायला माणूस ठेवा. आता धार वाढली तर दोष पंपाच्या आधी: कॉक, पाइप किंवा स्ट्रेनरचं झाकण हवा ओढतंय. नाही वाढली तर पंपाची कव्हर प्लेट बघा. इंपेलर नवा असला तरी प्लेटवर चरे पडलेले असतील तर ओढ कमी होते.

प्रतिसाद २

कोकणातली बोट म्हणजे एक्स्चेंजरच्या नळ्यांत खाऱ्या पाण्याची पुटं असणारच. टोप्या काढून टॉर्च मारा. जस्ताची कांडी (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारी) असेल तर तिचे तुकडेही तिथेच सापडतात. घरगुती ॲसिड मात्र ओतू नका, ॲल्युमिनियमचा भाग असेल तर खाऊन टाकेल.

धागाकर्ता

ड्रमवर चालवलं. धार दुप्पट, काटा ८२ वर, रेस असूनही हलला नाही. मग कॉकपासूनचा पाइप काढून उभा चिरला. बाहेरून धडधाकट, आतला रबराचा थर एका बाजूने सुटलेला. हळू चालताना तो चिकटून राहत असणार आणि पंपाने जोर लावला की आत ओढला जाऊन वाट बुजवत असणार. थर्मोस्टॅटही उकळून बघितला, ठीक आहे. एक्स्चेंजरच्या नळ्यांत पांढरी पुटं आहेत, पण आरपार उजेड दिसतो. त्या पाइप बसल्यावर साफ करू.

आता पाइपचा प्रश्न. पिंपळगावला शेतीपंपाचा हिरवा सक्शन पाइप लगेच मिळतोय. चालेल का?

प्रतिसाद १

तो नको. इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो, आणि हा पाइप पाण्याच्या पातळीखाली आहे. निसटला तर बोट भरेल. आत तारेचं वेटोळं असलेला जाड रबरी पाइप घ्या, प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन-दोन क्लिप मारा. मुंबईहून मागवावा लागला तरी थांबा. तोवर हळू चालवा आणि धारेवर नजर ठेवा.